मानेने घेतलेला श्वास

ससा आजारी पडला तरी सांगत नाही. कुत्रं कण्हतं, मांजर पलंगाखाली जाऊन बसतं, म्हैस चारा सोडते आणि धार काढायला बसलेल्या माणसाच्या ते लगेच लक्षात येतं. ससा, गिनीपिग, पांढरा उंदीर यांचं तसं नाही. ही सगळी शिकार होणाऱ्यांच्या जातीतली. जो लंगडतो किंवा धापा टाकतो तो पहिला उचलला जातो, हे त्यांच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. म्हणून ती अगदी शेवटपर्यंत काही झालंच नाही अशा थाटात बसून राहतात. मान मात्र त्यांना लपवता येत नाही.

साताऱ्यात माझा जनावरांचा दवाखाना आहे. शिरवळच्या कॉलेजात शिकत होते तेव्हा अभ्यास मुख्यतः गाई-म्हशींचा, शेळ्या-मेंढ्यांचा आणि कुत्र्यांचा. आता शहरात फ्लॅट वाढले, कुत्रा पाळायला सगळ्याच सोसायट्या राजी नसतात, मग मुलांच्या हट्टापायी घरात ससा नाहीतर गिनीपिग येतो. त्यांतले बरेच कधी ना कधी माझ्या टेबलावर येतात. असा पेशंट आला की मी स्टेथोस्कोप लगेच उचलत नाही. दोन पावलं मागे सरते, हात अ‍ॅप्रनच्या खिशात घालते आणि मान बघते. हात लावला की घाबरून त्याचा श्वास वाढतो, आणि मग खरं काय ते कळायची वेळ निघून जाते.

शांत बसलेल्या निरोगी सशाची मान श्वासागणिक हलताना दिसत नाही. हलतं ते नाक, आणि बरगड्यांच्या मागची कूस. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूचा घुमटाकार पडदा असतो, तो म्हणजे श्वासपटल. तो आकसला की सपाट होतो, पोटातली आतडी मागे सरकतात, छातीतली जागा वाढते आणि हवा आत येते. सैल पडला की हवा बाहेर जाते. श्वास ओढणारा असा स्नायूचा पडदा फक्त सस्तन प्राण्यांना मिळाला आहे, पक्ष्यांना आणि सरड्या-पालींना तो नाही. आणि हा पडदा छातीच्या तळाशी असला तरी त्याला चालवणारी नस निघते मानेतून. गर्भात श्वासपटलाची सुरुवातच मानेच्या पातळीवर होते. देह वाढतो तसं ते खाली सरकतं आणि येताना आपली नस बरोबर घेऊन येतं. माणसात ही नस मानेतल्या मज्जारज्जूच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या भागातून निघते. वैद्यकीची मुलं परीक्षेसाठी हे आकडे पाठ करतात. मला ते पाठ करावे लागले नाहीत, एवढे ते ऐकल्याक्षणी मनात बसले. शांत श्वासाची सूत्रंसुद्धा मानेतच आहेत, फक्त बाहेरून दिसत नाहीत.

लहान देहाला श्वासाची घाई फार असते. कोणताही सस्तन प्राणी घ्या, एका श्वासात आत जाणारी हवा वजनाच्या हिशोबाने जवळपास सारखीच भरते, किलोमागे साधारण 7 ते 10 मिलिलिटर. 65-70 किलोचा माणूस अर्धा लिटर हवा घेतो, 2 किलोचा ससा 15-20 मिलिलिटर, आणि 25 ग्रॅमचा उंदीर जेमतेम पाव मिलिलिटर. पण लहान अंगाचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा, त्यातून ऊब सतत निघून जाते. ती भरून काढायला ऑक्सिजन जास्त लागतो. एका श्वासात जास्त मावत नाही, म्हणून श्वासच वाढवायचे. माणूस मिनिटाला 12 ते 20 श्वास घेतो, ससा 30 ते 60, गिनीपिग 40 ते 100, छोटा उंदीर शंभराच्या वर आणि थेट दोनशेपर्यंतही. रात्री आपल्या मोरीच्या कडेने चिक्‌चिक्‌ करत जाणारी चिचुंद्री सगळ्यांनी पाहिलेली असते. तिला लोक उंदरात गणतात, पण ती उंदीर नव्हे, किडे खाणाऱ्या वेगळ्याच कुळातली आहे. तिच्याच प्रजातीगटातली एट्रुस्कन चिचुंद्री जेमतेम 2 ग्रॅमची, वजनाने जगातला सर्वांत हलका सस्तन प्राणी. तिचे श्वास मिनिटाला कित्येक शेकड्यांत मोजावे लागतात आणि हृदयाचे ठोके हजाराच्या पुढे जातात. असा देह क्षणभरही उसंत घेऊ शकत नाही. त्याच्याजवळ साठाच नसतो.

यात एक अडचण आहे, आणि तिथेच मानेचं काम सुरू होतं. लहान प्राण्याची छाती मऊ असते. बरगड्या काडीसारख्या बारीक, लवचिक. श्वासपटल जोरात ओढायला लागलं की आत जी पोकळी तयार होते ती हवा तर ओढतेच, पण बरगड्याही आत ओढते. पाण्याची पातळ प्लास्टिकची बाटली तोंडाला लावून जोरात ओढली की तिच्या भिंती चेपतात, तसंच. भिंत आत गेली की तेवढी जागा कमी झाली आणि पडद्याची मेहनत वाया गेली. छाती आत जाऊ नये म्हणून तिला कुणीतरी वरून धरून ठेवायला हवं. बरगड्यांमधले स्नायू हे काम करतातच, पण निकड वाढली की मानेला बोलावणं जातं.

मानेत यासाठी दोन जोड्या महत्त्वाच्या. स्केलीन नावाचे स्नायू मानेच्या मणक्यांच्या बाजूंपासून निघून वरच्या बरगड्यांना धरतात आणि त्यांना वर उचलतात. दुसरा स्टर्नोमास्टॉइड, कानामागच्या हाडापासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत, म्हणजे उरोस्थीपर्यंत जाणारा. तो उरोस्थीलाच वर ओढतो. माणसात याचा एक फाटा कॉलर बोनलाही जातो. आरशासमोर उभं राहून डोकं उजवीकडे वळवलं की डाव्या बाजूला जो दोर उठून दिसतो तोच हा. या स्नायूंचं रोजचं काम डोकं वळवणं, मान सावरणं. श्वास हे त्यांचं जोडकाम. माणसात स्केलीन साध्या श्वासातही थोडा हातभार लावतात, पण निरोगी उंदीर स्वस्थ बसलेला असताना त्याच्या मानेचे हे स्नायू श्वासाच्या तालावर जवळपास गप्प असतात.

गेल्या उन्हाळ्यात एक नववीतली मुलगी वडिलांबरोबर ससा घेऊन आली. भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये, खाली जुना टॉवेल. "मॅडम, हा सकाळपासून वरच बघतोय," ती म्हणाली. वडिलांना वाटलं होतं पंखा बघतोय, कारण पंखा फिरला की तो आधीही कान टवकारायचा. क्रेट टेबलावर ठेवला आणि मी खाली वाकून, डोळे त्याच्या पातळीला आणून, बाजूने बघितलं. हनुवटी वर, मान ताणलेली, पुढचे पाय नेहमीपेक्षा फाकलेले, कोपरं अंगापासून सुटलेली. नाकपुड्या पूर्ण उघड्या, पण नाकाची ती नेहमीची वळवळ थांबलेली. प्रत्येक श्वासाला डोकं किंचित मागे जायचं आणि परत यायचं. डोकं जेमतेम हलत होतं, पण कानांची टोकं लांब असल्यामुळे तिथे ती हालचाल मोठी होऊन दिसत होती. मी कानांच्या टोकांवरूनच श्वास मोजले. मानेवर फर इतकी दाट की स्नायू दिसणं शक्य नाही, आणि मादी असेल तर गळ्याखाली कातड्याची झोळी लोंबते, तिच्यात सगळंच झाकलं जातं. अशा वेळी कान कामी येतात.

दुखणं फुप्फुसात नव्हतंच. घरातल्या उरलेल्या पोळ्या आणि बिस्किटं त्याला रोज मिळत होती, गवत कमी. सशाचं पोट गवतासाठी घडलेलं आहे. पिठाचे पदार्थ गेले की आतड्यातले जंतू बिघडतात, आतडी मंदावतात, वायू धरतो. सशाला ओकता येत नाही, त्यामुळे वायू वरून सुटायची सोय नाही. आणि सशाच्या देहात पोट भलंमोठं तर छाती अगदी लहान, त्या लहानशा जागेतही बरीचशी हृदयानेच व्यापलेली. फुगलेलं पोट पुढे दाबतं ते थेट श्वासपटलावर. पडद्याला सपाट व्हायलाच जागा मिळत नाही. मग राहिली मान. पोटाचं दुखणं मानेत दिसतं ते असं. आधी त्याला ऑक्सिजनच्या पेटीत ठेवलं, दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं, थोडा सावरल्यावर नळी घालून वायू काढला. सगळं करताना त्याला उताणं केलं नाही, कारण उताण्या सशाची आतडी सरळ छातीकडे सरकतात. संध्याकाळी मुलगी परत आली तेव्हा त्याचे कान स्थिर होते आणि नाक पुन्हा वळवळत होतं. तिने ते स्वतःच ओळखलं, मला दाखवावं लागलं नाही.

ताणलेल्या मानेत नुसता श्वास नसतो, सगळ्या अंगाची मांडणी बदललेली असते. कोणताही स्नायू आकसला की दोन्ही टोकांना ओढतो. मानेच्या स्नायूने बरगडी वर उचलायची तर डोक्याकडचं टोक घट्ट रोवलेलं हवं, नाहीतर बरगडी जागेवर राहील आणि डोकं खाली येईल. म्हणून मानेच्या मागचे स्नायू डोकं धरून ठेवतात. पुढचे पाय फाकवून जमिनीवर रोवले की खांद्यापासून बरगड्यांकडे जाणारे स्नायूही मदतीला येतात. मान लांब केली की श्वासनलिका सरळ होते, हवेची वाट मोकळी होते. अंगातला जो जो स्नायू हाताशी आहे तो सगळा श्वासाला जुंपलेला असतो. त्या वेळी तो प्राणी आपल्याकडे बघत नाही, आवाजाला वळत नाही, आवडती कोथिंबीर पुढे धरली तरी तोंड लावत नाही. मालकांना वाटतं रुसलाय. रुसायला त्याच्याकडे शक्तीच नसते.

खाणं बंद होण्यामागे आणखी एक कारण आहे. ससा, उंदीर, गिनीपिग हे नाकानेच श्वास घेणारे प्राणी. त्यांच्या घशाची रचनाच अशी की श्वासनलिकेचं झाकण टाळूच्या मागे वर चढून थेट नाकाच्या वाटेला भिडलेलं असतं. गवत चावता चावता वास घेता यावा, शत्रू कळावा, यासाठी ते उत्तम. पण घास गिळायचा म्हणजे तेवढ्यापुरता श्वास थांबवायचा, आणि ज्याला श्वासच पुरत नाही तो कशाच्या बळावर थांबवणार? मग ससा खात नाही, न खाल्ल्याने आतडी आणखी मंदावतात, वायू आणखी धरतो, पडदा आणखी दाबला जातो. हे चक्र काही तासांत ससा मारू शकतं. आणि ससा तोंड उघडून श्वास घेताना दिसला तर ती धोक्याची शेवटची पायरी समजावी.

मला सगळ्यात अस्वस्थ करते ती झोपेची गोष्ट. ज्या झोपेत स्वप्नं पडतात, डोळे पापण्यांआड फिरतात, त्या झोपेत मेंदू अंगातले बहुतेक स्नायू सैल सोडतो. श्वासपटलाला तो वगळतो, कारण ते थांबलं तर सगळंच थांबेल. पण मानेच्या स्नायूंना अशी सवलत नाही, तेही सैल पडतात. म्हणजे ज्याचा श्वास मानेवर चालला आहे त्याला ती झोप परवडत नाही. ज्यांचं श्वासपटल लुळं पडलं आहे अशा माणसांचा श्वास याच झोपेत सगळ्यात जास्त उथळ होतो, हे डॉक्टरांना नीट माहीत आहे. रात्रभर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात मान वर करून बसलेला उंदीर जागा असतो, कारण झोप लागली तर त्याचा अर्धा श्वास जाईल. मायकोप्लाझ्मा नावाच्या चिवट जंतूच्या संसर्गाने फुप्फुसं बाद झालेले पांढरे उंदीर मी असे बसलेले पाहिले आहेत. डोळे मिटायला येतात, डोकं खाली यायला लागतं आणि झटक्याने पुन्हा वर जातं.

माणसाचं पिल्लूही लहान सस्तन प्राणीच आहे, हे मला नाशिकला बहिणीच्या घरी एका पावसाळ्यात फार जवळून कळलं. तिचं बाळ तीन महिन्यांचं, दोन दिवस सर्दी-खोकला. तिच्या सासूबाई त्याला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "बघ ना, झोपेत सुद्धा हो हो करतोय," त्या कौतुकाने म्हणाल्या. बाळाचं डोकं खरंच डोलत होतं, हळू, एका तालात. मी झबलं वर केलं. बरगड्यांच्या खाली प्रत्येक श्वासाला खळगा पडत होता, गळ्याच्या तळाशी उरोस्थीच्या वरची वाटीही आत जात होती, नाकपुड्या फुललेल्या. "काकू, याला आत्ता दवाखान्यात न्यायचं. दूध पाजायला थांबायचं नाही," मी म्हणाले. जनावरांची डॉक्टर बाळाबद्दल बोलतेय म्हणून कुणी शंका काढली नाही, याबद्दल मी त्या घराची ऋणी आहे. बारीक श्वासनलिकांना सूज आली होती. ऑक्सिजनवर ठेवावं लागलं, आणि बाळ नीट घरी आलं.

ते डोलणं मानेच्या स्नायूंचंच होतं. बाळाच्या मानेचे मागचे स्नायू अजून डोकं रोवून धरण्याइतके तयार नसतात. पुढचे स्नायू छाती उचलायला आकसतात, दुसरं टोक धरलेलं नसतं, म्हणून प्रत्येक श्वासाला डोकं पुढे येतं. बाळाची छातीही मऊ, म्हणून ती आत जाते. सशाच्या कानांच्या टोकांवर मी जे मोजत होते तेच इथे मांडीवर चाललं होतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी बाळांच्या न्यूमोनियावर जे काम केलं ते मला या संदर्भात नेहमी आठवतं. गावातल्या दाईला लिहिता-वाचता येत नाही, घड्याळ बघता येत नाही, दवाखाना लांब. तिला श्वास मोजायला त्यांनी मण्यांची पाटी आणि एक मिनिटाची वाळूची घटिका दिली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटच्या, लाल मण्याची वेळ आली तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. दोन महिन्यांखालच्या बाळाला मिनिटाला 60 किंवा अधिक श्वास हा धोका, त्यावर वर्षापर्यंत 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40. गावातल्याच माणसांनी बाळाचा श्वास ओळखून वेळेत औषध दिलं तर मृत्यू कमी होतात, हे गडचिरोलीच्या गावांतून सिद्ध झालं आणि 1990 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. छाती आत जाणं, नाकपुड्या फुलणं, डोकं डोलणं हे त्याच्याही पुढचं. तिथे मोजत बसायचं नाही, निघायचं.

श्वासाबद्दल माणसाला जे कळलं त्यातलं पुष्कळसं लहान प्राण्यांच्या जिवावर कळलं आहे, आणि मला त्याचा विसर पडू द्यावासा वाटत नाही. 1812 मध्ये फ्रान्समध्ये लगाल्वा यांनी सशांवर प्रयोग करून दाखवलं की श्वासाची सुरुवात मेंदूच्या अगदी खालच्या, मज्जारज्जूला लागून असलेल्या एका लहानशा जागेतून होते. 1895 मध्ये पोर्टर यांनी कुत्र्यांत आणि सशांत मज्जारज्जू एका बाजूने कापला. त्या बाजूचं श्वासपटल बंद पडलं. मग त्यांनी दुसऱ्या, चांगल्या बाजूची नस कापली, आणि बंद पडलेली बाजू पुन्हा चालू लागली. मज्जारज्जूत एक जुनी, झोपलेली वाट होती, गरज पडल्यावर ती उघडली. आज ज्यांच्या मानेला मार लागून हातपाय गेले आहेत अशा माणसांच्या श्वासावर जे संशोधन चालतं त्यात या प्रयोगाचा धागा अजून आहे. मार मानेच्या फार वरच्या भागात लागला तर श्वासपटल जातं, पण स्टर्नोमास्टॉइड बऱ्याचदा वाचतो, कारण त्याची नस वेगळ्या वाटेने, कवटीतून बाहेर पडून येते. अशा माणसाच्या गळ्यावर हे दोन दोर प्रत्येक श्वासाला उठलेले दिसतात.

उंदरांवरचं एक अलीकडचं काम तर मला फारच मोलाचं वाटतं. एएलएस हा स्नायूंच्या नसा हळूहळू मारणारा आजार. त्यात शेवटी श्वास जातो. हा आजार असलेल्या उंदरांमध्ये सिनसिनाटीच्या संशोधकांना आढळलं की श्वासपटल दुबळं पडायला लागलं की स्वस्थ बसल्या वेळीही मानेचे स्नायू श्वासात उतरतात आणि काही काळ श्वासाचं प्रमाण टिकवून धरतात. निरोगी उंदरात गप्प असणाऱ्या या स्नायूंना जागं करणाऱ्या पेशींचा एक गटही त्यांनी दाखवला, त्याला व्ही2ए म्हणतात. या पेशी मुद्दाम उत्तेजित केल्या की निरोगी उंदराची मानही श्वासाला हातभार लावू लागते. 2017 मध्ये हे प्रसिद्ध झालं. कधी काळी या वाटेने माणसाचा श्वास आणखी काही काळ टिकवता आला तर त्याची सुरुवात 25 ग्रॅमच्या देहात झालेली असेल.

ससा, गिनीपिग, उंदीर पाळणारे जे कुणी माझ्याकडे येतात त्यांना मी एक काम सांगून ठेवते. प्राणी ठणठणीत असताना, तो निवांत बसलेला असताना, मोबाईल पिंजऱ्याच्या उंचीवर धरून बाजूने एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. कूस किती वेळा उडते ते मोजून कुठेतरी लिहून ठेवा. उन्हाळ्यात एकदा आणि थंडीत एकदा काढा, कारण सशाला घाम येत नाही आणि उकाड्यात त्याचा श्वास एरवीही वाढलेला असतो. पुढे कधी शंका आली तर नवा व्हिडिओ काढून दोन्ही मला पाठवा. मात्र डोकं श्वासाबरोबर हलताना दिसलं, हनुवटी वर आणि कोपरं बाहेर दिसली, तर व्हिडिओत वेळ घालवू नका. उताणं धरू नका, छातीभोवती हात आवळू नका, सिरिंजने तोंडात पाणी किंवा ज्यूस घालू नका. हवा खेळेल अशा क्रेटमध्ये ठेवा, गाडीत एसी लावा, आणि निघण्याआधी फोन करा, म्हणजे तुम्ही पोचेपर्यंत ऑक्सिजनची पेटी तयार असेल.